दुपट्ट्याखालचा हात

परतवाड्याच्या बैलबाजारात आम्ही भाव तोंडानं बोलत नाही. दलाल खांद्यावरचा दुपट्टा काढतो, आपल्या आणि समोरच्याच्या हातावर टाकतो आणि आत दोघं एकमेकांची बोटं धरतात. तर्जनी धरली की एक. तिच्यासोबत मधलं बोट आलं की दोन, त्याच्या शेजारचं अनामिकेचं बोट आलं की तीन, करंगळीही आली की चार. पूर्ण पंजा म्हणजे पाच. एक म्हणजे किती, ते बैलाकडे पाहूनच दोघांना कळलेलं असतं. भोवती कितीही माणसं उभी असोत, दुपट्ट्याच्या आत काय झालं ते दोघांशिवाय तिसऱ्याला कळत नाही.

मी हिवरखेडहून या बाजारात आलो तेव्हा माझ्या नावावर एक वासरूही नव्हतं. दुसऱ्यांचे बैल पायी हाकत आणायचो. आज बाजारात माझी जागा आहे आणि ती मला कोणी दिलेली नाही. माझं भांडवल म्हणजे माझा उजवा हात. तो हात जन्मापासून वेगळा होता. तळव्याच्या मागच्या बाजूला निळ्या शिरांचा गुंता, त्वचा डाव्या हातापेक्षा गरम, आणि आत सतत काहीतरी गुणगुणत असायचं. लग्न झालं तेव्हा बायको कान लावून म्हणायची, तुमच्या हातात पिठाची गिरणी आहे. बाजारात दुपट्ट्याखाली ज्याचा हात पहिल्यांदा माझ्या हातात यायचा तो दचकायचा. दचकलेला माणूस बोट सैल सोडतो. मी तेवढ्यात भाव ओढून घ्यायचो. काहीजण म्हणायचे, याचा हात मंतरलेला आहे. मी कधी नाही म्हटलं नाही.

आता माझ्या साडभावाबद्दल सांगतो, कारण त्याच्याशिवाय या हाताचं दुखणं सांगता येत नाही. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. अकोल्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. घरात सगळे त्याला ‘सर’ म्हणतात. माझी बायको म्हणते, माझी मुलं म्हणतात, भातकुलीकडचे माझे सासरे, ज्यांनी आयुष्यात शाळामास्तरालाही ‘अरे मास्तर’ म्हटलं, तेसुद्धा ‘सर’ म्हणतात. थोरला जावई मी. पण पाट मांडताना पहिला पाट त्याचा, कारण त्याला अकोल्याला परत जायचं असतं. मला जणू कुठं जायचंच नसतं.

माझे सासरे काळ्या जमिनीचे शेतकरी, बैलाचे दर्दी. ट्रॅक्टर भाड्यानं आणतील, पण गोठ्यात बैलजोडी पाहिजेच. बैल घ्यायला ते परतवाड्यालाच येतात आणि दुसऱ्या दलालाकडून घेतात. कारण काय, तर जावयाशी सौदा करू नये. जावयाचा मान असतो, त्याच्याशी घासाघीस शोभत नाही. हे मी बायकोच्या तोंडून ऐकलं, तेही लग्नानंतर कितीतरी वर्षांनी. तोवर मी माझ्या जागेवर बसून पाहत असायचो, की माझा सासरा दोन ओळी सोडून पलीकडं दुसऱ्याच्या दुपट्ट्यात हात घालून उभा आहे. एकदा त्यांनी सरांना सोबत आणलं होतं. सर काळा चष्मा लावून बैलाच्या मागच्या अंगाला उभे होते, जिथं लाथ बसायची शक्यता सगळ्यात जास्त. सासऱ्यांनी त्यांना विचारलं, कसा वाटते बैल. सर म्हणाले, छान आहे. सासऱ्यांनी तो घेतला. त्या बैलाचा मागचा डावा पाय आखूड पडत होता, मला माझ्या जागेवरून दिसत होतं. मला कोणी विचारलं नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वी अनामिकेच्या नखाजवळ एक जखम झाली ती भरेना. बोटाचं टोक थंड आणि फिकं पडायचं, रात्री ठणकायचं. बाकी हात मात्र आणखी गरम. मग एका बाजाराच्या दिवशी कासऱ्यानं जरासं खरचटलं आणि रक्त काही केल्या थांबेना. दुपट्टा भिजला. मी घरी आलो तेव्हा बायकोनं मला न विचारता पहिला फोन अकोल्याला लावला. सरांना. मी समोर रक्तानं माखलेला उभा, आणि ती त्यांना विचारत होती, सर, आता काय करायचं.

सरांच्या ओळखीतले एक डॉक्टर अकोल्यात होते, त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्यांपैकी. तिथं हाताचं चित्र काढलं. रक्तात शाई सोडून त्याच्या वाटा दाखवतात तसलं. मग उपचारासाठी अमरावतीच्या दवाखान्यात नागपूरहून येणाऱ्या डॉक्टरांकडं गेलो. ते माझ्याच वयाचे होते आणि घाईत नव्हते, म्हणून मला बरे वाटले. त्यांनी समजावलं ते असं. धमनीतलं रक्त जोरात येतं, बारीक जाळ्यातून झिरपत बोटांना पोसतं आणि मग शिरेतून परत जातं. माझ्या हातात धमनी आणि शीर मधलं जाळं सोडून थेट जोडल्या गेल्या होत्या, एका जागी नाही, पुष्कळ जागी. मी म्हटलं, म्हणजे पाटाचं पाणी वाफ्यात न जाता सरळ नाल्यात चाललं. ते म्हणाले, तसंच, आणि शेवटचा वाफा वाळून चालला आहे. शेवटचा वाफा म्हणजे माझं अनामिकेचं टोक.

दुसरी गोष्ट मला समजायला वेळ लागला. रक्त तपासलं तेव्हा निघालं, की फुगलेल्या शिरांत रक्त रेंगाळून आतल्या आत गुठळ्या होत होत्या, आणि त्याच वेळी बाहेर जखमेतलं रक्त गोठत नव्हतं. मी डॉक्टरांना सरळ म्हटलं, साहेब, दोन्ही कसं होईल, एक काहीतरी सांगा. ते हसले. म्हणाले, गोठवायचा सगळा माल त्या एका गुंत्यात अडकून पडला आहे, बाकीच्या दुकानात शिल्लक नाही. हे मला पटलं. माझ्या धंद्यात असं रोज होतं. आधी पोटावर रक्त पातळ करायची इंजेक्शनं, मग मांडीतून बारीक नळी घालून हातापर्यंत नेऊन त्या जोडण्या आतून चिकटवून बंद करायच्या, असं ठरलं.

सर शेजारी बसून सगळं ऐकत होते आणि मध्येच इंग्रजीत काही विचारत होते. डॉक्टर माझ्याकडं पाहून बोलायला सुरुवात करायचे आणि त्यांच्याकडं पाहून संपवायचे. हात टेबलावर माझा होता.

मी डॉक्टरांशी सौदा करून पाहिला. एकाच खेपेत उरकून टाका, बाजार बुडतो. ते म्हणाले, एकदम सगळं बंद केलं तर चांगली वाटही बंद होईल आणि बोट जाईल. दोन खेपा. मी म्हटलं, दीड. ते म्हणाले, दोन. एवढा ठाम माणूस मला बाजारात फार कमी वेळा भेटला.

मी त्यांना एकच गोष्ट विचारली होती: बोटं समजतील ना. त्यांना वाटलं, हालतील ना. मी म्हटलं, हालली नाहीत तरी चालेल, समोरच्यानं कोणतं धरलं ते कळलं पाहिजे. ते म्हणाले, प्रयत्न तोच आहे, पण ज्या बोटाला रक्त कमी आहे त्याचा शब्द मी देत नाही.

पहिली खेप पोळ्याच्या आधी झाली. हात सुजला, निळा-जांभळा झाला, अनामिकेचं टोक बधीर. डॉक्टर म्हणाले, सूज उतरेल, टोकाचं नंतर पाहू. बजावून सांगितलं: हात उंच ठेवा, मालिश नाही, शेक अजिबात नाही, दोरा-गंडा काही बांधायचं नाही, बोटाचा रंग पाहत राहा. बायको म्हणाली, परतवाड्याला जाण्यापेक्षा माहेर जवळ आहे, दवाखाना हाकेवर राहील, पोळाही होईल. आम्ही तिच्या माहेरी गेलो. तिथं अंगणात सरांची गाडी उभी.

आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून जो खांदा घासलेला असतो त्याला हळद आणि तूप गरम करून पळसाच्या पानांनी लावतात, आणि बैलाला सांगतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. सासरे हे काम गड्याला करू देत नाहीत. संध्याकाळी ते गोठ्यात दोन्ही बैलांचे खांदे शेकत होते. मी ओट्यावर उशीवर हात ठेवून बसलो होतो. सर पलीकडं खुर्चीत. सासरे बैलांशी जे बोलत होते त्यातला एक शब्दही मी त्यांच्या तोंडून माझ्यासाठी कधी ऐकला नव्हता. हो, बैलांचाही मला हेवा वाटला. सांगायला कशाला लाजू.

मग ते उठले. भांड्यात हळद-तूप उरलं होतं. ते माझ्यासमोर येऊन उकिडवे बसले आणि म्हणाले, “जावईबापू, आणा इकडे तो हात. पाहून रायलो मी कवापासून. लय घासला तुमचा खांदा.”

सर म्हणाले, “मामाजी, डॉक्टरांनी शेक नको सांगितलं आहे.”

ते बरोबर होते. त्यांनी सांगितलं नसतं, तर बहुतेक मीच म्हटलं असतं. पण त्यांनी सांगितलं.

“सर,” मी म्हणालो, “हात माझा आहे.” आणि मी तो सासऱ्यांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी पान तुपात बुडवून माझ्या हाताच्या पाठीवर फिरवलं. मग बोटांवर. एकेक बोट वेगळं धरून, मुळापासून टोकापर्यंत. म्हातारा बैलाला जितकं हळू शेकतो तितक्याच हळू. मला बऱ्यापैकी गरम लागत होतं, टोकाला काहीच लागत नव्हतं. मध्येच ते थांबले आणि त्यांनी माझा तळवा आपल्या दोन्ही हातांत धरला. म्हणाले, आत भुंगा आहे का काय. मी म्हटलं, जन्मापासून आहे. इतक्या वर्षांत त्यांनी माझा हात पहिल्यांदा हातात घेतला होता. सर समोर बसून पाहत होते. त्यांनी पाहावं म्हणूनच मी तिथं बसून राहिलो, आणि भांडं रिकामं होईपर्यंत उठलो नाही. यात मी चुकलो असं मला अजून वाटत नाही. डॉक्टरांना वाटतं, बायकोला वाटतं. डॉक्टरांच्या सासऱ्यांनी त्यांचा हात असा धरला असता, मग मी त्यांना विचारलं असतं.

सकाळी हात मनगटापर्यंत लाल, अनामिकेवर मोठा फोड आणि तिचं टोक काळपट. कोपराकडं जाणारी शीर दोरखंडासारखी कडक झाली होती आणि हात लावू देत नव्हती. बाहेर बैल धुऊन आणले होते, शिंगांना रंग चालला होता. बायको म्हणाली, सरांची गाडी आहे, चला. मी म्हटलं, एसटीनं जाऊ. ती म्हणाली, पोळ्याच्या दिवशी कुठली एसटी. मी म्हटलं, मग उद्या. मी गाडीत बसलो असतो तर रस्ताभर सर बोलले नसते, आणि ते न बोलणं मला ऐकावं लागलं असतं.

बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ती मोठ्यानं बोलत नाही.

“आवं, सरांवर राग असन तं सरांवर काढा,” ती म्हणाली. “बोटावर काहून काढता?”

मी गाडीत बसलो. सर रस्ताभर बोलले नाहीत.

दवाखान्यात डॉक्टरांनी फोड पाहिला, शीर चाचपली, नाकाशी बोट नेलं. हळदीचा आणि तुपाचा वास लपत नव्हता. कोणी शेकलं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मीच. सासऱ्यांचं नाव मी घेणार नव्हतो, ते माझ्या आणि त्यांच्यातलं होतं. तेवढ्यात सर पुढं झाले आणि म्हणाले, “चूक माझी आहे, डॉक्टर. मी तिथेच होतो. मी थांबवायला हवं होतं.” डॉक्टरांनी त्यांच्याकडं आदरानं पाहिलं. माझ्या बायकोनंही पाहिलं. दोषही त्या माणसानं माझ्या हातातून काढून घेतला आणि अंगावर शालीसारखा पांघरला.

बंद केलेल्या गुंत्यातून गुठळी शिरेत वर सरकत चालली होती आणि बधीर बोट भाजलं होतं. भरती केलं. परत रक्त तपासलं, कारण पातळ करावं तर जखम वाहायची भीती, न करावं तर गुठळी वाढायची. डॉक्टर इंजेक्शनाचा डोस ठरवायला स्वतः तीनदा येऊन गेले. हात दोरीनं वर टांगलेला. सासरे पोळा फुटल्यावर आले, कपाळावर अजून गुलाल होता. दारातूनच माझा हात पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. आत माझ्यापर्यंत यायच्या आधी त्यांनी सरांचे दोन्ही हात धरले. म्हणाले, सर, तुमी होते म्हणून. मी कॉटवर होतो. दुखणं माझं, बोट माझं, शेकणारे ते, आणि हात धरले त्याचे.

सूज उतरू लागली तेव्हा डॉक्टर कापसानं बोटं तपासायचे. डोळे मिटा, कुठं लागतंय सांगा. मी सांगायचो, ते लिहून घ्यायचे. पण कापूस काही दुपट्टा नव्हे. एका दुपारी बायको जेवायला गेली होती आणि खोलीत फक्त सर होते, पेपर वाचत. मला कळून घ्यायचं होतं आणि मला दुसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, सर, तो टॉवेल द्या आणि हात द्या.

त्यांना खुणा शिकवाव्या लागल्या. माझ्या धंद्यातली गोष्ट मी कोणाला फुकट दिली असेल तर ती हीच. चारच शिकवल्या. पंजाची ठेवून घेतली, आणि तळव्यात अंगठा फिरवायची एक खूण आहे अर्ध्याची, तीही. ते चांगल्या विद्यार्थ्यासारखे ऐकत होते. त्यांचा हात मऊ होता, आणि इतका हळू धरत होते की बाजारात कोणी हसलं असतं. आम्ही टॉवेलखाली सुरुवात केली. त्यांनी एक दिला, मी म्हटलं एक. त्यांनी चार दिले, मी म्हटलं चार, करंगळी कळली म्हणून. मग त्यांनी पुन्हा धरलं.

“दोन,” मी म्हणालो.

त्यांनी परत धरलं.

“दोन.”

“भाऊ,” ते म्हणाले, “आत्ता तीन होते. दोन्ही वेळा.”

मी टॉवेल काढला. तीन बोटं त्यांच्या हातात होती. मला दिसत होती आणि समजत नव्हती. सरांनी हात लगेच सोडला नाही. म्हणाले, घरी कोणाला सांगणार नाही. त्यांनी सांगितलं नाही हे खरं आहे. त्यांनी सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं, निदान एक तरी वाईट गोष्ट त्यांच्या नावावर पडली असती.

दुसरी खेप दिवाळीनंतर झाली. गुंता बंद झाला, गुणगुण थांबली. बायकोनं कान लावून पाहिलं आणि म्हणाली, गिरणी बंद पडली. बोट राहिलं, नख वाकडं आलं, टोकाला आजही काही कळत नाही. बाजारात परत बसलो तेव्हा पहिल्याच दिवशी तिनाला दोन समजून एक चांगला सौदा हातचा गेला. त्या रात्री घरात मी खूप आदळआपट केली. मग मी शिकलो. तीन धरताना समोरच्याचं मनगट जरासं बाहेर वळतं, करंगळीकडं जागा करायला. दुपट्ट्याखालून ते माझ्या तळव्याच्या कडेला लागतं. तळवा अजून माझा आहे. हे मी कोणाला शिकवलेलं नाही, सरांनाही नाही.

यंदा उन्हाळ्यात सासरे बाजारात आले. त्यांचा एक बैल म्हातारा झाला होता. सर गाडी घेऊन आले होते, काळा चष्मा तोच. मी नेहमीप्रमाणे दुसरीकडं पाहत बसलो. सासरे ती दुसऱ्या दलालाची ओळ ओलांडून माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि माझ्याकडच्या एका पांढऱ्या बैलाकडं पाहत राहिले. चांगला बैल होता. त्यांना तो पसंत पडला हे मला त्यांच्या उभं राहण्यावरून कळलं.

मी म्हटलं, “मामाजी, जावयाशी सौदा चालते काय?”

“जावयाशी नाही चालत,” ते म्हणाले. “दलालाशी चालते. काढा दुपट्टा.”

मी काढला. डावा हात पुढं करावा असं क्षणभर वाटलं. उजवाच दिला. दुपट्ट्याखाली त्यांनी आधी बोटं धरलीच नाहीत. पूर्ण हात धरला, गोठ्याजवळच्या त्या ओट्यावर धरला होता तसा, आणि थांबले.

“थंडा झाला,” ते म्हणाले, एवढ्या हळू की फक्त मलाच ऐकू जावं.

“झाला.”

मग त्यांनी भाव दिला. मनगट बाहेर वळलं. तीन. मी मान हलवून तळव्यात अंगठा फिरवला, अर्धा वर. ते हसले आणि परत तीन धरले, जरा जोरानं. बैलाच्या मालकाला मी तीनवर आणलं. सासऱ्याकडून दलाली घ्यायची नसते, ती मी घेतली. सौद्यात सौदा.

सर बाजूला उभे राहून दुपट्ट्याकडं पाहत होते. चार खुणा येत होत्या त्यांना, पण कापडाच्या आतलं त्यांना दिसणार कसं. त्यांनी विचारलं, “भाऊ, किती झालं?”

“ते दुपट्ट्याखालचं आहे, सर,” मी म्हणालो. सासऱ्यांनीही काही सांगितलं नाही. बैलाच्या वशिंडावर हात फिरवत राहिले.

मग निघताना त्यांनी बैलाचा कासरा सरांच्या हातात दिला. बैल मी निवडला, मी ठरवला, आणि परतवाड्याच्या भर बाजारातून तो मिरवत नेला सरांनी, काळा चष्मा लावून, आणि बैलाच्या मागच्याच अंगाला चालत. मी हाक मारून सांगणार होतो की पुढून चाला. नाही सांगितलं. तो बैल लाथ मारत नाही, हे मला माहीत होतं.